जहाजावर निघालेल्या भाच्यास

मालवण

चि. बाबू यास,


तुझा मेसेज ताईने वाचून दाखवला, मग मीही दोनदा वाचला. चिल्क्याचं ट्रेनिंग संपवून तू मुंबईत डिस्ट्रॉयरवर हजर झालास याचा घरात सगळ्यांना आनंद आहे. तू मला तीन गोष्टी विचारल्या आहेत. जहाजावरच्या जिममध्ये जेमतेम चार माणसं मावतात तर व्यायाम करायचा कुठे, कोणती प्रोटीन पावडर घ्यायची, आणि चिल्क्याला कमावलेलं शरीर सहा महिन्यांत उतरणार तर नाही ना. पी.टी. इन्स्ट्रक्टर म्हणून माझी नोकरी याच कामात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर दोन वॉचमध्ये वाटून वाच, पण पूर्ण वाच.

आधी जागेचं बोलू. तुझ्या जातीचं जहाज १६३ मीटर लांब असतं आणि त्यावर तीनशेच्या आसपास माणसं राहतात. त्या लांबीत क्षेपणास्त्रं, तोफ, इंजिनं, इंधन, रडारची यंत्रं, गॅली, मेस आणि झोपायचे बंक बसवायचे असतात. एवढं सगळं बसवून जो कोपरा उरतो तिथे जिम होते. विक्रांतसारख्या विमानवाहू जहाजाची गोष्ट वेगळी. ती २६२ मीटर लांब, आत जवळपास २,३०० कंपार्टमेंट, आणि विमानं उडत नसतील तेव्हा वरच्या डेकवर मनसोक्त पळता येतं. तुला ते मिळणार नाही, आणि त्याची हळहळ करू नकोस. तुझ्याकडे हेलिकॉप्टरचा डेक आहे, हँगर आहे, क्वार्टरडेक आहे, फोक्सल आहे. मात्र यातली एकही जागा तुझ्या हक्काची नाही. फ्लाइंग चालू असेल, दारूगोळ्याचं काम असेल, समुद्र चढलेला असेल तर उघड्या डेकवर पाय ठेवायचा नाही. रोज क्वार्टरमास्टरला विचारून जायचं आणि एकट्याने जायचं नाही. संध्याकाळच्या अंधारात उघड्या डेकवरून माणूस पाण्यात गेला तर इंजिनाच्या आवाजात त्याची हाक कुणाला ऐकू येत नाही.

आता जहाज हलतं त्याचं. जमिनीवर शिकलेला व्यायाम इथे जसाच्या तसा चालत नाही. डेक वर उचलला जातो त्या क्षणी हातातलं वजन जड होतं, खाली जातो तेव्हा हलकं होतं. डोक्यावर बारबेल धरलेला असताना हा फरक अंगावर आला तर खांदा किंवा कंबर जाते. त्यामुळे चालत्या जहाजावर डोक्यावरून जड वजन उचलायचं नाही, हा नियमच समज. जोर, बैठका, बारला लटकून पुल-अप, रबरी बँड, जमिनीवर पाठ टेकून करायचे पोटाचे व्यायाम एवढ्यावर माणूस उत्तम तयार होतो. जहाज डावी-उजवीकडे जास्त डुलतं, पुढे-मागे कमी. म्हणून उभं राहताना तोंड नाळेकडे किंवा वरामाकडे ठेव आणि पाय फाकवून उभा राहा, म्हणजे डुलण्याच्या दिशेनेच तुझा पाया रुंद होतो. मालवणी खलाशी होडीत असाच उभा राहतो. तुला हे लहानपणापासून येतं, फक्त बूट घातल्यावर विसरू नकोस. आणि बूट घालायचेच. लोखंडी डेकवर जागोजागी कड्या, खिट्ट्या आणि उंबरठे असतात, मे महिन्यात पत्रा भाजत असतो. चपला घालून पळणाऱ्याच्या घोट्याला तिथे कधी ना कधी इजा होतेच.

डुलणं सगळ्यात कमी जाणवतं ते जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर. तिथे चटई टाकण्यापुरती जागा मिळाली तर ती धर. सूर्यनमस्काराला सहा फूट लांबी पुरते. ट्रेडमिल सुरू असताना समुद्र वाढतोय असं वाटलं की लगेच बंद कर, हट्टाने पळत राहू नकोस. काम झालं की प्रत्येक डंबेल रॅकमध्ये बांधून ठेवायचा. सुटलेला दहा किलोचा डंबेल रात्री जहाज कलल्यावर कुठे जाऊन आदळेल सांगता येत नाही, आणि शेजारच्या कंपार्टमेंटमध्ये माणसं झोपलेली असतात.

तुझ्या बरोबरचा तो सातारचा मुलगा पाणबुडीत जायचं म्हणतो, असं ताई म्हणाली. त्याला सांग, तिथे तर याहून कठीण. कलवरी वर्गाची पाणबुडी साडेसदुसष्ट मीटर लांब, त्यातली बरीचशी जागा बॅटरी आणि टॉर्पेडोंना गेलेली. पाण्याखाली असताना हवा मोजकी असते आणि लोखंडावर पडलेल्या वजनाचा आवाज दूरवर जातो. तिथे व्यायाम म्हणजे ताणाचे, श्वासाचे, बँडचे, तेही आवाज न करता. त्याने आत्तापासून आसनं नीट शिकून घ्यावीत.

वेळेचा प्रश्न जागेपेक्षा मोठा आहे. जुन्या काळापासून दुपारी चार ते सहा आणि सहा ते आठ हे दोन छोटे डॉग वॉच ठेवले आहेत. त्यामुळे वॉचची पाळी रोज फिरत राहते, आणि त्याच वेळात खेळाला, व्यायामालाही मोकळीक मिळते. तुला शक्य असेल त्या दिवशी हा वेळ सोडू नकोस. पण मध्यरात्री बारा ते चारचा वॉच करून आलास तर सकाळी सहाला जिममध्ये जायचं नाही. झोपायचं. तुला हे पटणार नाही, कारण चिल्क्याला तुला उलटं शिकवलं गेलं: थकलास तरी पळ. तिथे ते बरोबर होतं. तिथे तुझ्या हातात तीनशे माणसांचा जीव नव्हता. २०१७ साली जूनमध्ये जपानजवळ आणि ऑगस्टमध्ये सिंगापूरजवळ अमेरिकेच्या फिट्झजेराल्ड आणि मॅकेन या दोन विनाशिका मालवाहू जहाजांना धडकल्या. पहिल्या अपघातात सात आणि दुसऱ्यात दहा खलाशी गेले. चौकशीत जी कारणं निघाली त्यात अपुरी झोप आणि साठलेला थकवा हेही होतं. त्यानंतर अमेरिकी नौदलाने वॉचच्या वेळाच शरीराच्या झोपेच्या चक्राप्रमाणे बदलल्या. म्हणून मी झोपेला व्यायामातच धरतो. व्यायाम कर आणि झोप काप, असं तुला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, मग तो माझ्यासारखा पी.टी.वाला का असेना.

पावडरचं उत्तर थोडक्यात देतो. नको. गॅलीत अंडी आहेत, डाळ आहे, उसळ आहे, दूध आहे, चिकन-मासे आहेत. एवढं पोटात गेलं तर डब्यातल्या पावडरीची गरज उरत नाही. तरीही मन होत असेल तर मेडिकल असिस्टंटला विचारल्याशिवाय एक चमचाही घेऊ नकोस, आणि बाजारातल्या वजन झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्यांना तर हातही लावू नकोस. इंजिनरूममध्ये उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या गोळ्या घेऊन तिथे घाम गाळणं म्हणजे जिवाशी खेळ.

जेवणाचं मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. आपण भात खाणारी माणसं, म्हणून जपानी आरमाराची एक हकीकत तुला ठाऊक असावी. १८८२-८३ मध्ये त्यांचं र्‍यूजो नावाचं प्रशिक्षण जहाज लांबच्या सफरीवर गेलं. त्यावर ३७६ माणसं होती. त्यातल्या १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ दगावले. ताकाकी कानेहिरो नावाच्या आरमारी डॉक्टरने पाहिलं की खलाशांच्या ताटात पांढऱ्या भाताखेरीज फारसं काही नसतं. १८८४ मध्ये त्याने त्सुकुबा हे दुसरं जहाज त्याच मार्गाने पाठवलं, पण ताट बदलून: मांस, डाळी, गव्हाचा पाव. त्या सफरीत बेरीबेरीने एकही माणूस गेला नाही. ताकाकीला वाटलं प्रथिनं कमी पडत होती. खरं कारण पॉलिश केलेल्या तांदळात नसलेलं ब-१ जीवनसत्त्व, हे पुढे कळलं. कारण चुकलं तरी उपाय लागू पडला, आणि कित्येक जीव वाचले. आज तुझ्या ताटात असा तुटवडा नाही. तुझ्यापुढचा धोका उलट्या बाजूचा आहे. पुरी, पराठा, रात्रीच्या वॉचला चहाबरोबर बिस्किटं, रविवारी गोड, आणि दिवसभराचं चालणं जहाजाच्या लांबीच्या आतलं. चिल्क्याला तू जेवढं खात होतास तेवढंच इथे खाल्लंस तर पहिल्या तैनातीतच कमरेचा पट्टा सांगेल. भात निम्मा कर, डाळ आणि भाजी दुप्पट घे, रात्री बाराच्या वॉचआधी जड जेवू नकोस. तहान लागायच्या आधी पाणी पी. खाली काम करून आलास तर त्यात मीठ-लिंबू टाक.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे लिहायला खरं तर हे पत्र घेतलं. तू शरीर कशासाठी कमावतोयस? मेसेजमध्ये तू दंडाचा घेर लिहिला आहेस. जहाजाला त्या घेराचा उपयोग नाही. जहाजाला तुझा दम हवा, पकड हवी, आणि पायांत व कमरेत बळ हवं.

जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं आणि आग लागली. त्यावरचे २२ खलाशी भारतीय होते. आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस विशाखापट्टणम तिथे पोचली. तिच्यावरून दहा जणांचं पथक आग विझवण्याचं सामान घेऊन त्या जळत्या जहाजावर गेलं, आणि तिथल्या खलाशांबरोबर सहा तास झुंजून त्यांनी आग आटोक्यात आणली. सहा तास, बाबू. अंगात आगीचा सूट, पाठीवर हवेची बाटली, तोंडावर मास्क, आणि पाण्याच्या दाबाने मागे ढकलणारा होज दोन्ही हातांत. छातीत दम नसेल तर बाटलीतली हवा लवकर संपते, आणि हवा संपलेला माणूस दुसऱ्या दोघांना बाहेर काढावा लागतो. त्या दहा जणांपैकी कुणाचा दंड किती इंची होता, हे कुणी विचारलं नाही.

त्याआधी मे २०२१. तौक्ते वादळ. मुंबई हायवर पी-३०५ हा बार्ज बुडाला, त्यावर २६१ माणसं होती. आयएनएस कोची, कोलकाता आणि इतर जहाजं त्या खवळलेल्या समुद्रात माणसं शोधत होती. १८६ जण वाचले. तेलाने आणि पाण्याने निसरडा झालेला, अंगातली ताकद संपलेला माणूस लाटेतून वर ओढायचा म्हणजे काय, हे आपल्या किनाऱ्यावरच्या पोरांना वेगळं सांगायला नको. तिथे जाळी धरून वाकलेल्या माणसाची पकड सुटली तर खालचा माणूस जातो. अशी पकड जिमच्या आरशासमोर येत नाही. बारला लटकून राहण्याने, दोर चढण्याने, बंदरात असताना दोन हातांत वजनं घेऊन लांब चालण्याने ती येते.

म्हणून तुझा कार्यक्रम असा ठेव. समुद्रावर असताना आठवड्यातून चार दिवस, पाऊण तासापेक्षा जास्त नाही. दोन दिवस पुल-अप, जोर, बैठका आणि नुसतं लटकून राहणं. दोन दिवस दमाचं काम: रोइंग मशीन मिळालं तर ते, नाही तर मोकळ्या वेळी एखादा लॅडर धरून वर-खाली. उतरताना तोंड लॅडरकडे आणि हात दांडीवर. जहाजावर माझ्या पाहण्यात गुडघे आणि पाठ दुखावलेली माणसं जिमपेक्षा लॅडरमुळेच जास्त होती. डॅमेज कंट्रोलचा सराव होईल तेव्हा स्ट्रेचर उचलायला स्वतःहून पुढे हो. बेशुद्ध माणूस स्ट्रेचरवर बांधून उभ्या हॅचमधून वर काढणं याच्या तोडीचा व्यायाम मला अजून सापडलेला नाही, आणि तो नेमका उपयोगाचा आहे. हँगरमध्ये व्हॉलीबॉल किंवा डेकवर रस्सीखेच असेल तर दमलेला असलास तरी जा. महिनाभर तेच चेहरे, तोच आवाज, मोबाइलला रेंज नाही, अशा वेळी खेळातल्या अर्ध्या तासाने माणसं एकमेकांशी पुन्हा नीट बोलू लागतात. हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

पोहणं सोडू नकोस. तुला खाडीत डुंबायला येतं, पण खाडीत डुंबणं आणि अंगावर कपडे-बूट असताना अर्धा तास तरंगत राहणं यात फरक आहे. मुंबईत असशील तेव्हा आठवड्यातून दोनदा तलावावर जा आणि वेगापेक्षा तरंगण्याचा सराव कर.

चार वर्षांनी कायम होशील की परत येशील, याची धास्ती ताईला आहे, तुलाही असणार. अग्निवीरांतली पंचवीस टक्क्यांपर्यंतच मुलं कायम होतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्या विचाराने स्वतःला रोज पिळून काढू नकोस. जास्त व्यायाम करून जखमी झालेला मुलगा मागे पडतो आणि मग त्याला विश्रांती घ्यावीच लागते. सांधा दुखला तर लपवू नकोस, सिक बेमध्ये दाखव.

पहिल्या सफरीत पहिले तीन-चार दिवस उलट्या होतील. त्या दिवसांत व्यायामाचं नाव काढू नकोस. कोरडी बिस्किटं, चपाती, थोडंथोडं पाणी, आणि शक्य असेल तेव्हा मोकळ्या हवेत क्षितिजाकडे बघत उभं राहणं. अंग जहाजाला सरावलं की नुसत्या चालण्याने सुरुवात कर, मग बैठका, मग बार. तुमच्या जहाजावरच्या पी.टी.आय.ना माझं पत्र दाखवलंस तरी चालेल. ते तुमच्या डेकवरची नेमकी जागा दाखवतील, आणि जिथे त्यांचं आणि माझं म्हणणं जुळणार नाही तिथे त्यांचं ऐक.

मुंबईला परत लागलात की फोन कर. किती पुल-अप निघतात ते सांग, आणि रोज किती तास झोप मिळाली तेही सांग. ताईने कुळथाची पिठी आणि सुकं खोबरं बांधून ठेवलं आहे, शेजारच्या मुलाबरोबर पाठवते.

तुझा,
मामा