बाबांची रजा मंजूर

पहाटे चारला बाबा उठायचे आणि डबा मागायचे. फर्स्ट शिफ्ट! मुंबईच्या एलबीएस मार्गावरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना 20 वर्षं झाली होती. मी बजावायचो, "बाबा, तुम्ही रिटायर झालात." त्यांचा चेहरा पडायचा. माझ्यासाठी ते रोजचंच होतं, पण त्यांच्या कानावर ती बातमी दर पहाटे नव्याने पडत होती. हे उमगायला मला सहा महिने लागले.

मग एकदा ते मलाच म्हणाले, "साहेब, गणपतीला गावी जायचंय. आठ दिवस रजा द्या."

"दिली."

"तशी नको. लिहून द्या."

कॅलेंडरच्या पानामागे लिहून मी सही केली. घडी घालून त्यांनी तो कागद खिशात ठेवला आणि डोळे मिचकावले. "येताना काजू आणतो हां, साहेब." आम्ही दोघंही खळखळून हसलो. त्या दिवशी ते उन्हं येईपर्यंत झोपले.

इथवर ठीक होतं. पण नंतर असाच एक प्रसंग मी मोबाइलवर टिपला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. रविवारी पाहुण्यांपैकी कोणीतरी तो बाबांसमोरच लावला. सगळे हसले. बाबा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "कोण हो हे आजोबा? का हसतात त्यांना?" व्हिडिओ मी तेव्हाच पुसला, तो प्रश्न मात्र पुसता आला नाही. म्हणून सांगतो, आधी त्यांना हसू द्या, मग तुम्ही हसा. आणि ते हसू घराबाहेर नेऊ नका.

दुसरी चूक याहून महागात पडली. एका रात्री बाबा भिंतीवरच्या माणसांशी बोलू लागले. आम्ही तेही हसण्यावारी नेलं. दोन दिवसांनी ताप चढला आणि लघवीत जंतुसंसर्ग निघाला. वृद्धांमध्ये अशा संसर्गाने एकाएकी भ्रम होऊ शकतो. बाबांना आहे तो स्मृतिभ्रंश मात्र सहसा हळूहळू वाढतो. दोन-तीन दिवसांत माणूस बदलला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. विसर पडायला लागला की सुरुवातीलाही "म्हातारचळ लागलाय" म्हणून वर्ष घालवू नका. बी-12 आणि थायरॉइडच्या तपासण्या करून घ्या, कारण त्यांच्या कमतरतेमुळेही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात साठीपुढच्या दर 100 जणांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. तेव्हा शेजाऱ्यांपासून लपवण्यासारखं यात काही नाही. उलट वॉचमन, वाणी, रिक्षावाले यांना सांगून ठेवा. बाबांच्या खिशात आता रजेच्या कागदासोबत माझा नंबर लिहिलेली चिठ्ठीही असते. मदतीसाठी ज्येष्ठांची 14567 ही हेल्पलाइन आहे.

संध्याकाळी मी त्यांना रेल्वेच्या पुलावर नेतो. खालून गाडी धडधडत गेली की ते माझा हात दाबतात. "ही फास्ट. कांजूरला थांबत नाही." आणि थांबत नाहीच. मग ते हसतात.