आगगाडीच्या प्रतिकृतीचे सुटे भाग

आगगाडीची प्रतिकृती तयार करण्याचा छंद अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. तेथे सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘एचओ’ प्रमाणात मूळ वस्तू ८७ पट लहान करतात. ४० फूट लांबीची वाघीण त्यात सुमारे १४ सेंटिमीटरची होते. कारखान्यातून आलेली प्रतिकृती पुष्कळदा सर्वसाधारण स्वरूपाची असते. तिला विशिष्ट काळाची ओळख येते ती वेगळ्या विकत मिळणाऱ्या बारीक भागांनी : घंटा, शिट्टी, शिड्या, मुठी, ब्रेकची चाके. हे भाग प्लॅस्टिकचे किंवा ओतीव पितळेचे असतात. ओतकामासाठी आधी मेणाचा नमुना करतात, त्याभोवती साचा घडवितात आणि मेण वितळवून त्याच्या जागी धातू ओततात. ही रीत आपल्याकडील मूर्तिकारांना फार पूर्वीपासून अवगत आहे.

हा सारा सजावटीचा प्रकार वाटेल. वस्तुतः यांतील कित्येक भागांमागे कामगाराच्या जिवाचा प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील मालगाडी थांबवावयाची तर ब्रेकवाले कामगार धावत्या गाडीच्या छपरावरून एका वाघिणीवरून दुसरीवर जात आणि प्रत्येक वाघिणीचे ब्रेकचे चाक हाताने फिरवीत; पावसात, हिमात आणि रात्रीही. छपरावरील अरुंद फळी हाच त्यांचा रस्ता. वाटेत सखल पूल किंवा बोगदा आला तर? त्यासाठी अलीकडेच रुळांवर आडव्या दांडीला दोऱ्यांची झालर टांगलेली असे. दोऱ्या अंगाला लागताच कामगार खाली वाकत. पुलाच्या प्रतिकृतीबरोबर ही झालरही मांडतात. अनोळखी माणसाला ती निरर्थक वाटते.

वाघिणी जोडणे याहून घातक होते. दोन वाघिणींच्या मध्ये उभे राहून कडीत खुंटी घालावी लागे. त्यात अनेकांची बोटे तुटत, कित्येकांचे प्राण जात. वेस्टिंगहाउस यांचा हवेच्या दाबावरील ब्रेक १८६९ मध्ये व जॅनी यांची आपोआप अडकणारी जोडणी १८७३ मध्ये निघाली होती. पण सक्ती करणारा कायदा येण्यास १८९३ साल उजाडले. त्यानेच वाघिणींना मुठी आवश्यक केल्या. शिड्या व छपरावरील फळ्या यांविषयीचा कायदा १९१० चा. मुठीचा गज किमान पाच-अष्टमांश इंच जाडीचा असावा लागे. प्रतिकृतीत त्याची ०.१८ मिलिमीटरची तार होते, आणि तिच्यासाठी भोके पाडणे ही डोळ्यांची परीक्षाच असते.

इंजिनाच्या बॉयलरच्या कुशीला लावावयाचा वायुपंप हे हवेच्या ब्रेकचे चिन्ह होय. पुढे छपरावर चढण्याची गरजच उरली नाही आणि १९६६ पासून नव्या बंद वाघिणींवरील फळ्या गेल्या. तेव्हा १९७० सालची नवी वाघीण म्हणून रंगविलेल्या प्रतिकृतीवर फळी दिसली, तर ती कितीही देखणी असो, चुकलीच.

शाळेत हा धडा घेण्यास महागडे भाग नकोत. पुठ्ठ्याची वाघीण, जुन्या विजेच्या दोरीतील तांब्याची बारीक तार आणि चिमटा एवढे पुरे. प्रत्येक भाग चिकटविण्यापूर्वी तो कोण, कशासाठी धरीत असे, हे विद्यार्थ्यांस विचारावे. मोजमापासाठी फुटाला साडेतीन मिलिमीटर धरावेत.