प्रोटो फाइलमधले नंबर हलवू नका

"गेवराईचं नेट खराब असेल, राउटर बदलून बघा," हे मला ऑफिसचा प्रोग्राम लिहिणाऱ्या कंपनीकडून दुपारभर ऐकावं लागलं. इकडे जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. शेतकरी पावतीवरचं वजन मानायला तयार नव्हते, आणि त्यांचंच खरं होतं.

काट्यावरचा प्रोग्राम माझा, ऑफिसमधला त्या कंपनीचा, मधे जीआरपीसी. त्यांनी ओलाव्याचा नवा रकाना शेवटी न जोडता दोन नंबरवर घुसवला, भरलेलं आणि रिकामं वजन एकेक नंबर पुढे सरकवलं आणि मला कळवलंही नाही.

एकाच ट्रॅक्टरच्या दोन खेपांच्या पावत्या शेजारी ठेवल्या तेव्हा उलगडलं. दोन्हींवर निव्वळ वजन तेच, ३,४२० किलो. ते तर रिकाम्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वजन! पहिल्या खेपेच्या ओलाव्याच्या रकान्यात ७,२६०. भरलेलं वजन ओलावा म्हणून वाचलं गेलं, रिकामं वजन भरलेलं म्हणून, आणि रिकाम्याच्या जागी काही न आल्यानं शून्य धरलं. त्या एका खेपेत शेतकऱ्याचा चार क्विंटलांहून जास्त कापूस बुडत होता. एरर मात्र कुठेच नाही, कारण प्रोटोबफ रकान्याचं नाव पाठवत नाही, नंबर आणि किंमत पाठवतं. सगळे रकाने इंट३२ असल्यावर ते अडवणार कशाच्या आधारावर?

हे सांगितलं तर उत्तर आलं, "कोड जनरेट केलेला आहे, त्यात चूक कशी असेल?" अहो, जनरेटर तुम्ही दिलेल्या फाइलवरून कोड काढतो. समोरच्याकडे कोणती फाइल आहे, हे त्याला कुठून कळणार? सनच्या जुन्या आरपीसीत प्रत्येक कॉलबरोबर व्हर्जन नंबर जायचा. इथे तो पॅकेजच्या नावात आपणच घालायचा. मोडतोड करणारा बदल असेल तर व्ही१ चं व्ही२ करा. मग जुना क्लायंट चुकीचं वजन न देता सरळ 'अनइम्प्लिमेंटेड' म्हणून थांबतो.

वापरलेला नंबर पुन्हा कधीच देऊ नका. रकाना काढला तर त्याचा नंबर 'रिझर्व्ड' करा. शून्य आणि 'आलंच नाही' यांत फरक हवा तिथे 'ऑप्शनल' लिहा. कॉलला डेडलाइन द्या, जीआरपीसी स्वतःहून देत नाही. 'बफ ब्रेकिंग' ही तपासणी बिल्डमध्ये लावा; नंबरांची अशी सरकवासरकव ती तिथल्या तिथे पकडते.

आणि करारात लिहून घ्या की प्रोटो फाइल दोघांच्या गिटमध्ये राहील आणि दोघांच्या होकाराशिवाय मर्ज होणार नाही. मी हे सुरुवातीलाच मागितलं होतं. "एवढ्याशा कामाला कशाला?" म्हणाले. नंतर शेतकऱ्यांना फोन करून पावत्या बदलून देताना कंपनीतलं कोणीही काट्यावर आलं नाही.