नाकाचं हाड आणि आठवड्याभराची रजा

मंडळी, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण मागच्या डिसेंबरमध्ये माझं नाकाचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "काय रे, फार दुखतं का? आणि हाड परत वाढतं म्हणे?" या पुस्तिकेसाठी लेख मागितला तेव्हा म्हटलं, सगळ्यांना एकदाच उत्तर देऊन टाकावं.

सुरुवात त्या ‘वाढलेल्या हाडा’पासूनच करतो. आपल्याकडे सर्रास म्हणतात, "त्याच्या नाकाचं हाड वाढलंय." खरं तर वाढलेलं काही नसतं. दोन नाकपुड्यांच्या मध्ये एक पडदा असतो. त्याचा पुढचा भाग लवचिक कूर्चेचा, मागचा पातळ हाडाचा. तो बहुतेकांचा थोडासा वाकडा असतोच आणि त्रास नसेल तर त्याला हात लावायची गरज नसते. कधी तो जन्मापासून वाकडा असतो, कधी मार लागून होतो. माझा आठवीत क्रिकेट खेळताना झाला. दोन दिवस बर्फ लावला आणि विसरून गेलो.

आणि ‘परत वाढतं’ या एका वाक्यापायी मी नऊ वर्षं घालवली. कूर्चा कधीकधी थोडी जुन्या वळणावर जाते आणि काही जणांना दुसऱ्यांदा ऑपरेशन लागतं, हे खरं. पण नखासारखं वाढत काही नाही. बऱ्याचदा परत येते ती ॲलर्जीची सूज, नाहीतर नाकातले मांसल कोंब. ते आजार वेगळे आहेत, पण दोष जातो बिचाऱ्या हाडाला.

मी तरीही ढकलत होतो. रात्रभर तोंडाने श्वास, सकाळी घसा कोरडा, दुपारी मीटिंगमध्ये डुलक्या. एका संध्याकाळी आय-८८ वर गाडी चालवताना माझा डोळा लागला. गाडी शेजारच्या लेनमध्ये सरकली, मागच्याने जोरात हॉर्न दिला म्हणून जागा झालो. मागच्या सीटवर माझी मुलगी झोपली होती. दुसऱ्या दिवशी अपॉइंटमेंट घेतली.

डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं नाही. आधी झोपेची तपासणी केली, कारण झोपेत श्वास थांबण्याचा आजार असेल तर नुसता पडदा सरळ करून तो जाईलच असं नसतं. माझ्यात तो निघाला नाही. मग बारीक दुर्बिणीने नाक आतून पाहिलं आणि सहा आठवडे स्टिरॉइडचा स्प्रे दिला. या सहा आठवड्यांची नोंद जपून ठेवा. आधी औषधाने प्रयत्न केला होता का, हे इन्शुरन्सवाले मंजुरी देताना हमखास विचारतात. दुसरं म्हणजे बिलं तीन येऊ शकतात: हॉस्पिटलचं, सर्जनचं आणि भूल देणाऱ्याचं. तिघेही आपल्या नेटवर्कमध्ये आहेत ना, हे आधीच फोन करून विचारा. (मी डिसेंबर निवडला कारण मुलीचा हात मोडल्यामुळे वर्षाचं डिडक्टिबल तसंही भरून झालं होतं.)

या ऑपरेशनचं शिकागोशी जुनं नातं आहे. इथल्याच डॉ. ऑटो फ्रीअर यांनी 1902 मध्ये आणि जर्मनीच्या किलियान यांनी 1904 मध्ये, पडद्यावरचं नाजूक आवरण अलगद उचलून आतला वाकडा भाग काढण्याची पद्धत मांडली. आवरण उचलायच्या हत्याराला सर्जन आजही ‘फ्रीअर’च म्हणतात. त्या काळी कूर्चा बरीचशी काढून टाकत, हल्ली शक्य तेवढी सरळ करून जागेवर ठेवतात. सगळं काम नाकपुडीतून होतं, बाहेर टाका नाही. मला साधारण तासभर लागला, संध्याकाळी घरी.

तयारीत लोक चुकतात ते गोळ्यांच्या बाबतीत. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनने रक्त जास्त वाहू शकतं, हे नर्स सांगतेच. पण आपण ‘औषध’ न समजता घेतो ती फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, हळदीच्या कॅप्सूल, आयुर्वेदिक चूर्णं, यांची यादीही त्यांना द्या. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र ती आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि उपाशीपोटी म्हणजे चहासुद्धा नाही! दूध घातलेला चहा हा त्यांच्या हिशेबाने खाण्यात जमा. आमच्या ओळखीत एकाचं ऑपरेशन एवढ्यावरून पुढे ढकललं गेलं.

घरी न्यायला ओळखीचा मोठा माणूस लागतो, टॅक्सीने एकट्याला सोडत नाहीत. बायकोला मुलीच्या स्कूलबसची वेळ सांभाळायची होती आणि मला कुणाला त्रास द्यायचा संकोच. शेवटी मंडळातल्या एका काकांना बिचकतच फोन केला. ते दिवाळी अंक घेऊन पाच तास वेटिंग रूममध्ये बसले आणि वर म्हणाले, "बरं झालं, अंक वाचून तरी झाला."

आता दुखण्याचं. खरं सांगतो, दुखलं कमी, कोंडलं जास्त. नाकात सिलिकॉनच्या दोन पट्ट्या, खाली मिशीसारखी कापसाची पट्टी. पहिले दोन दिवस गुलाबी पाणी येत राहतं. दुखण्यावर टायलेनॉल पुरली. तीन उशा घेऊन अर्धवट बसून झोपायचं. तोंड कोरडं पडतं, घास गिळताना श्वास कोंडतो. मऊ भात आणि मेतकूट, बस्स. चव तशीही कळत नाही. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. दोन आठवडे वाकणं नाही, जड उचलणं नाही, म्हणजे बर्फ उपसणं बायकोच्या वाट्याला.

आईचा पुण्याहून रोज फोन, "वाफ घे, विक्स लाव." नर्सने पहिल्या दिवसांत दोन्हीला नाही म्हटलं, उष्णतेने रक्त येऊ शकतं. त्याऐवजी खोलीत गार वाफेचा ह्युमिडिफायर लावला. इथल्या हीटरच्या कोरड्या हवेत तो हवाच. सलाइनने नाक धुण्यासाठी डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलंच पाणी घ्या, नळाचं थेट नको. जलनेती करणाऱ्यांनी तर हे कायमचं लक्षात ठेवावं. नळाच्या पाण्यातले काही जंतू नाकातून मेंदूपर्यंत जातात. कपालभातीही डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. तो झटका म्हणजे नाक शिंकरण्यासारखाच.

लाल रक्त थांबेना, ताप चढला, दुखणं आणि कोंडणं वाढत चाललं, स्वच्छ पाण्यासारखी धार लागली किंवा नजरेत फरक वाटला तर रात्र-अपरात्र न पाहता फोन करा.

सहाव्या दिवशी पट्ट्या काढल्या. दोन सेकंदांचं विचित्र ओढणं, आणि मग उजव्या नाकपुडीतून थेट गार हवा! पण गंमत म्हणजे दोन दिवसांनी पुन्हा बंद. मी हादरलो, म्हटलं पैसे गेले. ती आतली सूज आणि खपल्या होत्या. पूर्ण बसायला तीनेक महिने लागले. वरचे पुढचे दात काही आठवडे बधिर होते, हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून मी सांगतोय. पहिला ठळक वास आला तो सिंकमधल्या गार्बेज डिस्पोजलचा. बायको म्हणाली, "सहा वर्षं सांगतेय!"

आता अनुलोम-विलोम करताना दोन्ही बाजू चालतात. मे महिन्यात झाडांचे परागकण उडायला लागले की डावी थोडी चोंदते. ती ॲलर्जी आहे, हाड नाही. स्प्रे चालू आहे.