आधी हातावर ताल धरून गा

मे महिना लागला की माझ्याकडे पालकांची ये-जा वाढते. गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ दहावी झालेल्या लेकीला घेऊन आले. हातात फाईल, प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, सगळी प्रमाणपत्रं क्रमानं लावलेली. "गाण्यातच करिअर करायचं म्हणते. स्कोप आहे का?"

मुलगी छान गायली. यमन, तीनतालातली मध्यलयीची बंदिश, सूर लख्ख लागलेले. म्हटलं, आता हेच हातावर ताल धरून गा. दुसऱ्या आवर्तनात हात एकीकडे आणि गळा दुसरीकडे.

"ताल सर देतात ना," ती म्हणाली.

इथेच बहुतेकांचं अडतं. घरात 'सूर चांगला लागतो' हे आजीलाही कळतं. लय कच्ची आहे हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही, कारण वर्गात ती सांभाळायला कुणीतरी असतंच. मीही असाच वाढलो. तालयंत्र लावून घोकलेली एक बंदिश घेऊन मी पहिल्यांदा गणेशोत्सवाच्या मांडवात गायला बसलो. मुखडा नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उचलायचा होता. तबल्यावरच्या आजोबांनी कौतुकानं एक छोटासा तुकडा वाजवला आणि मी दचकलो. नंतर ज्या अक्षरावर सम यायची ते नेमकं खालीवर पडायला लागलं. गाणं आठ मात्रांनी सरकलं होतं आणि मला पत्ता नव्हता. आजोबांनी सगळी कारागिरी बाजूला ठेवली, साधा ठेका धरला आणि समेचा 'धा' जरा जोरात वाजवून माझ्याकडे बघत मान हलवली. चौथ्या खेपेला मला ते कळलं. मध्यमाचं प्रमाणपत्र तेव्हा माझ्याकडेही होतं.

म्हणून माझा पहिला सल्ला गायकाच्या पालकांनाही तोच: मुलाला वर्षभर तबल्याच्या वर्गाला घाला. वादक व्हायचं नसलं तरी. तीनतालाच्या सोळा, एकतालाच्या बारा, झपतालाच्या दहा मात्रा बोलता याव्यात, हातावर धरता याव्यात, ठाय म्हणून झाल्यावर दुगुन करता यावी. संथ विलंबित एकतालाचं एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं. तेवढा वेळ बोटं न मोजता आलाप करायचा आणि सुखरूप समेवर यायचं, तर ती लय अंगात मुरलेली लागते.

मुलगा तेरा-चौदाचा असेल तर हे आणखी सोयीचं. त्या वयात आवाज फुटतो, खर्ज सापडत नाही, तारसप्तकात गळा चिरतो. घरचे घाबरून क्लास बदलतात नाहीतर ओरडून रियाज करून घेतात. दोन्ही करू नका. गळ्याला हलकंच ठेवा आणि हात तबल्यावर किंवा पेटीवर बसू द्या.

सुराचं शिक्षण सोपं, असा याचा अर्थ नाही. भूप आणि देशकार घ्या. दोघांचेही स्वर सा, रे, ग, प, ध. भूप गंधाराभोवती फिरतो, देशकार धैवताला धरून उत्तरांगात राहतो. पुस्तकात हे एका ओळीत सांगून होतं. गळ्यातून मात्र भूप गाता गाता कधी देशकार डोकावला हे कळायला तानपुऱ्यापाशी बसलेला माणूस लागतो, जो तिथल्या तिथे थांबवेल. अनेक चांगले गुरू आता ऑनलाइन शिकवतात, पुण्यात बसून अमेरिकेतल्या मराठी मुलांनाही. सुराची तालीम त्यात बरीच होते. पण आवाज पोचायला क्षणभर उशीर लागतो, त्यामुळे गुरूचा ठेका आणि शिष्याचं गाणं एकाच वेळी चालवता येत नाही. ऑनलाइन शिकणाऱ्यानं जवळपास एखादा तबलजी शोधावाच.

आता पोटापाण्याचं. नुसत्या मैफलींवर घर चालवणारे थोडे. बहुतेक कलाकारांचं घर शिकवण्यांवर चालतं. हे आधीच कळलेलं बरं. पेटी-तबल्याची साथ चांगली करणाऱ्याला गायकापेक्षा लवकर कामं मिळतात, असं मी तरी पाहत आलोय: कथकचे वर्ग, नाट्यसंगीताचे प्रयोग, भजन, अभंगवाणी, सुगम संगीत. बिदागी लहान, पण नियमित. आकाशवाणीची ध्वनिचाचणी देऊन श्रेणी मिळवणं आजही उपयोगी पडतं. शाळेत शिकवायचं तर पदवीबरोबर अध्यापनाची पात्रता लागते. महाविद्यालयात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट.

पदवीसाठी पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, एसएनडीटी आहे, महाराष्ट्राबाहेर खैरागढचं संगीत विद्यापीठ. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा जरूर द्याव्यात. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला सुरू केलेल्या कामाची ती परंपरा आहे आणि दहावीला सवलतीचे गुणही मिळतात. मात्र 'विशारद' पदवीसमान धरायची का, हे ज्या विद्यापीठात पुढे शिकायचं तिथेच विचारा, तेही लेखी. दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी सीसीआरटीची शिष्यवृत्ती असते, अठरा ते पंचवीस वयाच्या कलाकारांसाठी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची. आणि गाणं की बी.कॉम. असा तंटा घरात चालू असेल तर एकाच वेळी दोन पदव्या करायला यूजीसीनं 2022 मध्ये परवानगी दिली आहे. झेपतं का, हा प्रश्न वेगळा. दिवसाला दोन तास रियाज सुटत नसेल तरच झेपतंय म्हणायचं.

गुरू निवडताना घराण्याचं नाव नंतर बघा. आधी वर्गाबाहेर तासभर बसा. आत मुलं तानपुऱ्यावर गातात की पेटीच्या सुरांवर रेलून, आणि ताल सरच देतात की मुलांच्या हातातही आहे, एवढं ऐकून खूप कळतं.

ती यमनवाली मुलगी आता अकरावी कॉमर्सला आहे आणि आठवड्यातून दोनदा तबल्याला जाते. तीनताल, झपताल झाले. सध्या रूपकात अडकली आहे. सात मात्रांच्या या तालाची समच खालीवर येते. जिथे टाळी पडायची सवय, तिथे हात नुसता उलटा करायचा. तिचा हात अजून वाजतोच.