सुटीचे दिवस आणि पिल्लाची शाळा

सण आला म्हणजे घरांतील नित्यक्रम मोडावयाचाच, असा आपला समज असतो. उशिरां उठावें, अवेळीं खावें, पाहुण्यांसमवेत रात्र जागवावी, ह्यांतच सुटीचें सुख आहे असें मुलांस वाटतें. आणि खरें सांगावयाचें तर वडील माणसांसही वाटतें. परंतु ज्या घरीं कुत्र्याचें पिल्लूं शिकत आहे, तेथें हा समज किती महाग पडतो हें आम्हांस एका दिवाळींत कळलें. तो धडा विद्यार्थ्यांस व पालकांस उपयोगी पडेल, म्हणून येथें देत आहों.

बारामती व इंदापूर हे तालुके मेंढपाळांचे आहेत. आषाढी वारींत तुकाराममहाराजांची पालखी काटेवाडीस येते, तेव्हां तिच्याभोंवतीं मेंढ्यांचें रिंगण होतें, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. इंदापूरकडील माळरानांवर लांडगे आजही आढळतात. म्हणून धनगराच्या वाड्यावर कुत्रें हें शोभेचें जनावर नसून कळपाचा राखणदार असतें. अशाच एका वाड्यावरून दसऱ्याच्या सुमारास आम्हीं दोन महिन्यांचें पिल्लूं आणिलें व त्याचें नांव मोती ठेविलें.

शिक्षण लगेच सुरू झालें. पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह ह्यांस असें दिसून आलें कीं, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागतांच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटतें. दोन गोष्टी वारंवार एकामागून एक घडल्या, म्हणजे पहिलीवरून दुसरीची अपेक्षा उत्पन्न होते. हाच नियम आम्हीं योजिला. "ये" म्हणावें आणि मोती आला कीं भाकरीचा तुकडा द्यावा. पंधरा दिवसांत तो अंगणाच्या टोकापासून धांवत येऊं लागला.

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळीं शेजाऱ्यांनीं दरवर्षींप्रमाणें फराळास बोलाविलें. मोतीला ओसरीवर बांधून आम्ही सर्व गेलों. मनुष्यास सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. कुत्र्यास सुमारें ४५,००० पर्यंतचा. शिवाय आपणांस न कळणारा मंद आवाजही त्यास कळतो. ज्या फटाक्यानें आपण कानांवर हात ठेवितों, त्यानें त्या जिवाची काय अवस्था होत असेल! परत येऊन पाहतों तों गळ्यांतील पट्टा रिकामा पडलेला. मुलें रडूं लागलीं. रात्रभर शोध केला. पहांटे तो कालव्याच्या कांठीं एका बैलगाडीखालीं अंग चोरून बसलेला दिसला. आम्हीं "ये" म्हणून हांक मारिली. तो कांपत कांपत आला. आणि जाग्रणानें चिडलेल्या आम्हीं त्यास चापट मारिली.

दुसऱ्या दिवसापासून "ये" म्हटलें कीं तो मागें सरूं लागला. पळून गेल्याबद्दल आपण शिक्षा केली, असें आम्हांस वाटत होतें. मोतीच्या लेखीं ती शिक्षा परत आल्याबद्दल होती. स्कॉट व फुलर ह्या अमेरिकन संशोधकांनीं १९६५ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, सुमारें तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनावर झालेले संस्कार फार खोल जातात. नेमक्या त्याच वयांत आम्हीं एक चांगला शब्द बिघडविला होता. तेव्हां तो सोडून शिटी घेतली आणि दोन पावलांच्या अंतरापासून पुन्हां आरंभ केला.

पुढें नाताळ आला. आमच्या घरीं आजोबांपासूनची एक चाल आहे. प्रभूचा जन्म गोठ्यांत झाला, म्हणून त्या दिवशीं उपासनेहून परत आल्यावर माणसें जेवावयास बसण्यापूर्वीं घरच्या जनावरांस घांस द्यावयाचा. मुलें हा घांस आपल्या ताटांतून, केकपासून हाडापर्यंत, वाटेल तो देत. पण बेदाणे, चॉकलेट व कांदा हीं कुत्र्यास विषासमान आहेत, आणि शिजलेल्या हाडाचें कुसळ घशांत किंवा आंतड्यांत रुततें. म्हणून आम्हीं चाल मोडली नाहीं. तिची रीत सुधारली. मोतीस त्याच्याच थाळींत, त्याचेंच अन्न, सर्वांच्या आधीं मिळालें. गाणीं म्हणणारी मंडळी आली तेव्हां तो आंतल्या खोलींत होता, आणि मुलें पाळीपाळीनें त्याच्याजवळ बसलीं.

सारांश, घरांत पिल्लूं असल्यास सणांतही त्याच्या जेवणाची व फिरण्याची वेळ चुकवूं नये. फटाक्यांच्या रात्रीं त्यास एकटें किंवा उघड्यावर बांधून ठेवूं नये. पाहुण्यांनीं काय खाऊं घालूं नये, तें त्यांस आधींच सांगावें. आणि जवळ आलेल्या जनावरास कधींही मारूं नये.

हा शेवटचा नियम आम्हीं शाळेंतही नेला आहे. चूक करून मूल आपण होऊन सांगावयास येतें, तेव्हां आपला हात प्रथम उगारला गेला, तर तें पुढील वेळीं येणार नाहीं. नाताळच्या रात्रीं पाहुणे गेल्यावर आम्हीं अंगणाच्या टोकावरून शिटी वाजविली. मोती क्षणभर थबकला, आणि मग धांवत येऊन त्यानें आमच्या त्याच हातावर तोंड ठेविलें.