अग्निबाण आणि त्याचे इंधन

आगामी गगनयान मोहिमेसाठी निवडलेल्या एलव्हीएम-३ या प्रक्षेपकात तीन प्रकारची इंधने असतात. दोन्ही बाजूंच्या बूस्टरमधील घन इंधन प्रचंड रेटा देते. परंतु एकदा पेटल्यावर ते विझवता येत नाही. मधल्या टप्प्यातील द्रव इंधन व ऑक्सिडीकारक एकत्र येताच ठिणगीविना पेट घेतात. मात्र दोन्ही विषारी असतात. सर्वांत वरच्या क्रायोजेनिक टप्प्यात सुमारे उणे २५३ अंश सेल्सिअसचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन असतो. कमी वजनात अधिक शक्ती देणारे हेच तंत्रज्ञान १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावामुळे रशियाने भारताला नाकारले. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाचे २०१० मधील पहिले उड्डाण अपयशी ठरले. ५ जानेवारी २०१४ रोजी यश लाभले. नाकारलेली विद्याही अभ्यासाने आपलीशी करता येते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे.